पाव वॅटचं आकाश

पाव वॅट. एसओ-५० या सौदी अरेबियाच्या छोट्या उपग्रहावरच्या प्रक्षेपकाची ताकद एवढीच आहे. २० डिसेंबर २००२ ला तो बैकोनूरहून सुटला, सहाशे-साडेसहाशे किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत गेला, आणि दोन दशकांहून जास्त काळ हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलत आली आहेत. पुण्यातला परवानाधारक हॅम गच्चीवर उभा राहून १४५.८५० मेगाहर्ट्झवर बोलतो. उपग्रह तोच आवाज त्याच क्षणी ४३६.७९५ मेगाहर्ट्झवर खाली सोडतो. काठमांडूत किंवा मस्कतमध्ये दुसरा कुणी हातात अँटेना धरून उभा असेल, तर त्याला तो ऐकू येतो. अंतराळाच्या गोष्टी सांगताना आपण मोठ्या आकड्यांनी दिपून जातो. मला जास्त थक्क करतात ते इथले लहान आकडे.

गणित मांडून बघू. उपग्रह क्षितिजाच्या थोडा वर आला की तो आपल्यापासून साधारण २,००० किलोमीटरवर असतो. त्याची ताकद सगळ्या दिशांना सारखी पसरते असं धरलं, तर ते पाव वॅट २,००० किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर पांगलेले असतात. त्या गोलाचं क्षेत्रफळ ५ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे पंधरा भारत मावतील एवढं. हातात धरायची पाच-सहा दांड्यांची यागी अँटेना त्यातलं जेमतेम ०.३७ चौरस मीटर वेचते. तिच्या हाती लागते ती शक्ती वॅटमध्ये लिहायची तर दशांशचिन्हापुढे चौदा शून्यं आणि मग १९. दोन मिलिग्रॅमचा डास एक सेंटीमीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी या झऱ्यातून साठवायला सव्वातीन वर्षं लागतील. आणि एवढ्यावर माणसाचा आवाज ओळखू येतो.

इतके लहान आकडे हाताळायला आपल्या जुन्या अंकगणिताचा उपयोग होतो. एकं, दहं, शतं करत ते परार्धाशी थांबतं. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. एका वॅटचे परार्ध भाग केले, तर आपल्या अँटेनात त्यातले १९० भाग आले. आता समोरचा पक्ष बघा. तपमान असलेल्या प्रत्येक वस्तूत इलेक्ट्रॉनची चुळबुळ चालू असते आणि तिचा रेडिओत गोंगाट होतो. तो कुठल्याही युक्तीनं बंद करता येत नाही. साध्या खोलीच्या तपमानाला, एफएमच्या एका आवाजाला लागणाऱ्या १५ किलोहर्ट्झच्या पट्टीत हा गोंगाट ६ भाग भरतो. स्वस्त रिसीव्हर त्यात स्वतःची भर घालतो आणि आकडा १५ ते २४ पर्यंत जातो. १९० विरुद्ध २४ असेल तर आवाज स्वच्छ ऐकू येतो. यागीऐवजी नुसती काडी अँटेना लावली तर १९० चे १९ होतात आणि खरखरीत शब्द बुडतात. गच्चीवर उभं राहून एखादा हॅम उपग्रहाच्या मागोमाग हात फिरवत असतो तो या दहापट फरकासाठी.

हा हिशेब हॅम मंडळींना फार पूर्वीपासून ठाऊक होता. पण तो डोळ्यांनी बघायची सोय सर्वसामान्य विद्यार्थ्याला २०१२ पर्यंत नव्हती. युरोपात तेव्हा लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी अंगठ्याएवढा यूएसबी डोंगल वीसेक डॉलरला मिळत असे. आत रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप. लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्या फिनलंडच्या अँटी पालोसारीच्या लक्षात आलं, की एफएम रेडिओ ऐकवायची वेळ आली की ही चिप स्वतः काही उलगडत बसत नाही. अँटेनातून आलेल्या लहरींची मोजमापं ती कच्चीच संगणकाकडे ढकलते आणि पुढचं काम त्याच्यावर सोडते. ऑस्मोकॉम या प्रोग्रामरांच्या गटातल्या स्टीव्ह मार्कग्राफ आणि इतरांनी त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं. टीव्हीसाठी बनलेला तो डोंगल, आत आर८२०टी हा ट्यूनर असेल तर, २४ पासून १,७६६ मेगाहर्ट्झपर्यंत काहीही ऐकणारा रेडिओ झाला. पूर्वी हेच काम करणाऱ्या यंत्राला शेकडो डॉलर मोजावे लागत.

त्या डोंगलच्या पोटात सेकंदाला २ कोटी ८८ लाख मोजमापं होतात. त्यातून गाळून संगणकाकडे सेकंदाला २४ लाख जोड्या येतात. जोडीतला प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट. बारा मिनिटांत उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत साडेतीन जीबी, आणि डोंगल दिवसभर चालू ठेवला तर ४१५ जीबी. पडद्यावर सरकणारा वॉटरफॉल, म्हणजे लहरींचं रंगीत चित्र, रंगवायला लॅपटॉप हे आकडे ४,०९६ च्या तुकड्यांनी घेतो. सेकंदाला ५८६ तुकड्या, त्यांच्यावर १४ कोटींहून जास्त बेरजा-गुणाकार. आजच्या साध्या लॅपटॉपला त्याचं ओझंही वाटत नाही.

खरी करामत यापुढे आहे. डोंगल एका वेळी २४ लाख हर्ट्झ रुंदीचा अख्खा पट्टा घेतो. तेवढ्या रुंदीत निसर्गाचा गोंगाट ९६० भाग आणि आपला उपग्रह १९० भाग. म्हणजे गोंगाट उपग्रहाच्या पाचपट, आणि उपग्रह त्याखाली गाडलेला. मग सॉफ्टवेअर त्या पट्ट्यातून १५ किलोहर्ट्झची पट्टी कापून काढतं, १६० वा हिस्सा. गोंगाट सगळीकडे सारखा पसरलेला असल्यामुळे त्याचाही १६० वा हिस्साच उरतो, ६. उपग्रह मात्र सगळाच्या सगळा त्या चिंचोळ्या पट्टीत बसलेला असतो, त्याचे १९० कायम राहतात. हे काम पूर्वी स्फटिक, तारेची वेटोळी आणि कारागिराचा हात मिळून करत. आता भागाकार करतो. रेडिओ स्वस्त झाला तो या भागाकारामुळे.

स्वस्ताईला दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये. ० ते २५५ ही पट्टी तोकडी आहे. पाच किलोमीटरवर १० किलोवॅटचं एफएम केंद्र असेल, तर साध्या काडी अँटेनात त्याचा जोर उपग्रहाच्या हजार कोटी पटींहून जास्त भरतो. डोंगलचे २५६ टप्पे तो एकटाच खाऊन टाकतो. म्हणून शहरात एफएम अडवणारा छोटा फिल्टर मध्ये लावावा लागतो. शिवाय हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि चार्जर खरखर ओकत असतात ती वेगळीच. गच्चीवर जाण्यानं अर्धं काम होतं ते याच कारणानं.

पास, म्हणजे उपग्रह उगवून मावळेपर्यंतचा वेळ, कसा जातो ते जवळून बघण्यासारखं आहे. अँटेना घरीच बनते: पीव्हीसी पाइपावर स्टीलच्या मेजर टेपचे कापून बसवलेले तुकडे. ४३६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६९ सेंटीमीटर, म्हणून मुख्य दांडी ३४ सेंटीमीटरच्या आसपास. टेप वाकतो आणि परत सरळ होतो, त्यामुळे गर्दीच्या जिन्यातून नेतानाही ती मोडत नाही. उपग्रह दक्षिणेकडून उगवणार असेल तर अँटेना तिकडे रोखून उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं फक्त खरखर. मग वॉटरफॉलवर एक फिकट रेघ उमटते आणि ती सरळ नसते, हळूहळू डावीकडे कलत जाते. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरनं धावतोय म्हणून हा कल. उगवताना त्याचा आवाज ठरलेल्या जागेपेक्षा १० किलोहर्ट्झ वर सापडतो, मावळताना १० खाली. हातातल्या वॉकीटॉकीवर ऐकणारे ४३६.८०५ पासून सुरू करून पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्या उतरत ४३६.७८५ पर्यंत येतात. मनगट पाव वळणानं फिरवलं की बुडालेला आवाज एकदम वर येतो, कारण उपग्रह स्वतःभोवती गिरक्या घेत असतो आणि त्याच्या अँटेनाची दिशा सतत बदलत असते. कॉलसाइन, पुण्याचा असेल तर हॅम मंडळींच्या नकाशातला एमके६८ हा चौकोन, समोरच्याचा चौकोन, धन्यवाद. दहा सेकंदांत एक गाठभेट, कारण रांगेत बाकीचेही आहेत.

पहिल्या पिढीतले डोंगल आवाजाची नेमकी जागा दाखवण्यातच दगा देत. त्यांच्या आतला स्फटिक दहा लाखात पन्नासचीही चूक करी. ४३७ मेगाहर्ट्झवर त्याचे २२ किलोहर्ट्झ होतात, म्हणजे उपग्रहाच्या वेगानं पडणाऱ्या फरकाच्या दुप्पट. तपमान सांभाळणारा स्फटिक बसवल्यावर चूक दहा लाखात एकवर आली, साडेचारशे हर्ट्झच्याही आत. या एका सुट्या भागामुळे खेळण्याचं मोजमापाचं यंत्र झालं. रेघ किती पटकन कलते यावरून उपग्रह किती जवळून गेला ते काढता येतं. १९५७ मध्ये अमेरिकेत गायर आणि वायफेनबाख या दोघांनी स्पुटनिकची कक्षा अशीच काढली होती, आणि उपग्रहांवरून आपलं ठिकाण शोधण्याची कल्पना तिथून निघाली.

हॅम मंडळींनी स्वतःचा उपग्रह सोडला तो स्पुटनिकनंतर अवघ्या चार वर्षांनी. १२ डिसेंबर १९६१ ला कॅलिफोर्नियाहून अमेरिकी लष्करी उपग्रहाच्या जोडीला गेलेला ऑस्कर-१ साडेचार किलोंचा होता, ताकद १४० मिलिवॅट, आणि तो मोर्सच्या भाषेत फक्त ‘एचआय’ एवढंच म्हणायचा. त्याला रॉकेटपासून दूर ढकलणारी स्प्रिंग दुकानातून १ डॉलर १५ सेंटला आणली होती. बॅटरी २२ दिवस टिकली. तेवढ्यात २८ देशांतल्या ५७० हून जास्त हौशी श्रोत्यांनी तो ऐकल्याचं कळवलं. उपग्रहाच्या ‘एचआय’चा वेग आतल्या तपमानाप्रमाणे बदलायचा, म्हणून हातात घड्याळ घेऊन बसलेला शाळकरी मुलगाही अंतराळातलं तपमान मोजू शकत होता.

माझा जीव मात्र ऑस्कर-७ वर जास्त जडला आहे. १५ नोव्हेंबर १९७४ ला तो सुटला, साडेचौदाशे किलोमीटर उंचीवर. साडेसहा वर्षं नीट चालला आणि १९८१ च्या मध्यावर त्याच्या बॅटऱ्या शॉर्ट होऊन गप्प झाला. सूर्यपत्र्यांची सगळी वीज त्या शॉर्टमधून वाहून जाई, रेडिओला काही मिळेना. मेला म्हणून सगळ्यांनी नाद सोडला. २१ जून २००२ ला तो पुन्हा ऐकू आला. २१ वर्षांनी तो शॉर्ट आपोआप तुटला होता. आता बॅटरी वाटेतच नव्हती, त्यामुळे सूर्यपत्र्यांची वीज थेट रेडिओपर्यंत पोचू लागली. तेव्हापासून ऊन असेल तोवर तो जागा असतो, पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याला पन्नास वर्षं झाली. दर ११५ मिनिटांना एक फेरी, म्हणजे तोवर सव्वादोन लाखांवर फेऱ्या, आणि अंतर १,१०० कोटी किलोमीटरांहून जास्त. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या अंतराच्या अडीचपट. तो उंचावर असल्यानं ७,८००-७,९०० किलोमीटरवरची दोन माणसं त्याच्यामार्फत बोलू शकतात. पुढे दुरुस्तीला कुणी जाणार नाही हे माहीत असलेल्या माणसांनी किती मन लावून काम केलं होतं, त्याची पावती हा उपग्रह रोज देतो.

या उपग्रहांमागे धावावं लागतं. एक मात्र जागचा हलत नाही. १५ नोव्हेंबर २०१८ ला कतारचा एस-हेल-२ हा टीव्ही-दूरसंचार उपग्रह गेला. त्याच्यावर हॅमसाठी राखून ठेवलेला एक भाग आहे, त्याचं नाव क्यूओ-१००. भूस्थिर कक्षेत हौशी रेडिओला मिळालेली ही पहिली जागा. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा पृथ्वीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याच्या नजरेत आहे, आणि अख्खा भारतही. मुंबईहून डिश पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजावर ३३ अंशांना रोखायची. तिथून तो ३८,४०० किलोमीटरवर आहे. त्याचे संकेत १०,४८९ मेगाहर्ट्झवर येतात, डोंगलच्या आवाक्याबाहेर. पण घरोघरच्या डिशवर असतो तसला एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो आणि उरतात ७३९, जे डोंगलला सहज जमतं. बाजारातली टीव्हीची डिश, एलएनबी आणि डोंगल हे सगळं मिळून काही हजार रुपयांत होतं, आणि घरबसल्या अंटार्क्टिकावरच्या जर्मन केंद्राचा आवाजही ऐकता येतो. इथून बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज पाव सेकंदानं परत ऐकू येतो, कारण त्याला ७६,७०० किलोमीटर जाऊन यावं लागतं. मी अनेकांना या उशिराबद्दल सांगितलं आहे. ऐकून समजतं, पण स्वतःचा शब्द मागून येताना ऐकला की बोलणारा वाक्य अर्ध्यात सोडून थांबतो.

अंतर वाढवत नेलं तर हा हिशेब कुठवर टिकतो? २००९ च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या २० मीटर डिशवरून हॅम मंडळींनी शुक्राकडे लहरी सोडल्या. जाऊन-येऊन जवळजवळ १० कोटी किलोमीटर कापून त्या पाचेक मिनिटांनी परतल्या आणि ऐकू आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो इथल्या, १९५६ सालच्या २५ मीटर दुर्बिणीवर स्वयंसेवकांनी व्हॉयेजर-१ चा वाहक संकेत, म्हणजे माहिती जिच्यावर लादली जाते ती मूळ लहर, पकडला. यान तेव्हा २,४९० कोटी किलोमीटरवर होतं, प्रकाशालाही २३ तास लागावेत इतक्या दूर. तिथून हाती येणारी शक्ती एका वॅटच्या परार्धाव्या भागाच्याही हजाराव्या हिश्श्याच्या घरात. आपल्या १९० भागांपुढे हे काहीच नाही. पण व्हॉयेजरचा वाहक संकेत रुंदीला जवळजवळ शून्य असतो. पट्टी १५ किलोहर्ट्झऐवजी काही हर्ट्झची कापली की गोंगाटही हजारो पटींनी घटतो आणि रेघ दिसू लागते. गच्चीवर जो भागाकार केला, त्यातच भाजक मोठा घेतलेला.

भारतात हॅमसाठी खास बनलेला उपग्रह म्हणजे इस्रोचा हॅमसॅट. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ नं तो कार्टोसॅट-१ सोबत नेला. ४२.५ किलोंचा, दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे आवाज ऐकून परत खाली सोडणारी यंत्रं, असलेला. त्यातला एक ट्रान्सपाँडर नेदरलँड्समधल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं बनवलेला. ११ जुलै २०१४ ला तो बंद पडला. २०१६ मध्ये महाराष्ट्रातून दोन विद्यार्थी-उपग्रह गेले: जूनमध्ये पुण्याच्या सीओईपीचा किलोभराचा ‘स्वयम्’, सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा दहा किलोंचा ‘प्रथम’. २०२५ च्या जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरच्या हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं तेव्हा त्याच्या दृष्टीखाली सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटर जमीन आणि समुद्र असतो, जवळजवळ पाच भारतांएवढा. ऐकायला डोंगल पुरतो. बोलायला दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना आणि व्हीयूनं सुरू होणारं कॉलसाइन घ्यावं लागतं. ती परीक्षा अवघड नाही, हे मी जिथे जातो तिथे सांगतो.

विद्यार्थी-उपग्रहांची खरी अडचण वरती नसते, खाली असते. ५०० किलोमीटरवरचा उपग्रह एका केंद्राला चहूबाजूंनी साधारण २,४०० किलोमीटरपर्यंतच दिसतो. दिवसातल्या १,४४० मिनिटांपैकी ४० ते ५०. उरलेले तेवीस तास तो महासागरांवर, वाळवंटांवर आपली बॅटरी, आपलं तपमान, आपलं मोजमाप सांगत फिरतो आणि बनवणाऱ्यांना त्यातलं काही कळत नाही. २०१४ मध्ये अथेन्समध्ये सुरू झालेल्या सॅटनॉग्ज या प्रकल्पानं याच्यावर तोड काढली: गच्चीवर अँटेना, खाली छोटा संगणक आणि डोंगल. कोणाच्याही उपग्रहाचं जे कानावर पडेल ते सगळ्यांसाठी खुलं. आराखडे खुले, सॉफ्टवेअर खुलं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. एकट्या महाराष्ट्रात दहा केंद्रं झाली तरी मिनिटं फारशी वाढणार नाहीत, कारण दहाही केंद्रांना आकाशाचा तोच तुकडा दिसतो. एकाची गच्ची गोंगाटात असली तर दुसऱ्याची उपयोगी पडेल, इतकंच. मिनिटं वाढतात ती दूरच्या केंद्रांनी. मॉरिशस मुंबईहून साडेचार हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे तिथलं वर्तुळ जवळजवळ वेगळंच पडतं, आणि तिथे मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. सिडनीत, तेल अवीवमध्ये, टोरांटोत आहेत. पुण्या-मुंबईच्या मुलांनी पुढचा उपग्रह सोडला, तर या चार ठिकाणचे चार डोंगल आणि इथला एक मिळून दिवसाला तीन-साडेतीन तासांची नोंद सहज होईल.